यात खून कुठंय?

वाचनालयाच्या काउंटरवर एक ठरलेला प्रश्न असतो : “नवीन ग्रिशॅम आलाय का?” पुस्तकाचं नाव कुणी विचारत नाही, कथानकाची चौकशीही होत नाही. लेखकाचं नाव पुरेसं असतं. थरारकथेच्या लेखकाने वर्षानुवर्षं कमावलेली ही पत. रविवारी दुपारी पुस्तक हातात घ्यायचं आणि संपवूनच उठायचं, इतका त्याच्यावर भरवसा.

आणि एक दिवस हाच लेखक कापसाच्या शेतावर कादंबरी लिहितो. किंवा प्रेमकथा. किंवा चक्क मुलांसाठी उडत्या मोटारीची गोष्ट. पन्नास पानं उलटतात, मुडदा पडत नाही. शंभर पानं होतात, पोलीस फिरकत नाहीत. मग वाचकांत सरळ दोन तट पडतात. एक तट म्हणतो, “आमचा लेखक आम्हाला परत द्या.” दुसरा म्हणतो, “अरे, हा तर आजवरच्यापेक्षा भारी लिहितोय!”

हे भांडण शंभर वर्षांहून जुनं आहे आणि त्यात भले भले सापडले आहेत. त्यातल्याच काही भन्नाट हकिगती.

वकिलाविना ग्रिशॅम

1991 मध्ये ‘द फर्म’ आलं आणि जॉन ग्रिशॅम हे नाव कोर्टाशी कायमचं जोडलं गेलं. त्याआधीच्या ‘अ टाइम टू किल’ या पहिल्या कादंबरीच्या जेमतेम 5,000 प्रती निघाल्या होत्या. ‘द फर्म’नंतर मात्र जवळजवळ दरवर्षी एक नवा खटला, नवा वकील, नवी पळापळ.

2001 मध्ये आलं ‘अ पेंटेड हाउस’. काळ 1952, ठिकाण अमेरिकेतलं आर्कान्सॉ राज्य, गोष्ट सांगतोय ल्यूक नावाचा सात वर्षांचा पोरगा. कापूस वेचणीचा हंगाम, त्यासाठी मेक्सिकोतून आणि डोंगराकडून आलेले मजूर, रेडिओवरची बेसबॉलची कॉमेंट्री, पुराची भीती. वकील एकही नाही. कोर्टाची पायरी नाही.

नेहमीचे वाचक गोंधळले. काहींना पुस्तक संथ वाटलं, काहींनी अर्ध्यात ठेवलं. पण ज्यांनी शेवटपर्यंत वाचलं, त्यांतल्या अनेकांनी ते ग्रिशॅमच्या सर्वांत चांगल्या पुस्तकांत बसवलं. गंमत म्हणजे या शेतावरही माणसं मारली जातात, आणि ते पाहिलेला सात वर्षांचा ल्यूक ते गुपित पोटात घेऊन फिरतो. ग्रिशॅमचा जन्म आर्कान्सॉचा, बालपण तिथलं, लहानपणीचं स्वप्न बेसबॉलपटू होण्याचं. म्हणजे वाचकांना परका वाटलेला हा ग्रिशॅमच खरा घरचा होता.

त्याच वर्षी त्याने ‘स्किपिंग ख्रिसमस’ ही हलकीफुलकी कादंबरी दिली. तिच्यावर 2004 मध्ये सिनेमाही झाला. पुढे फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल अशा खेळांवरही तो लिहीत राहिला. कोर्टही सोडलं नाही. दोन्ही तटांना त्याने सांभाळलं.

आईने सांगितलं, “मारू नकोस!”

आर्थर कॉनन डॉयलला शेरलॉक होम्सचा कंटाळा आला होता. त्याचा जीव होता ऐतिहासिक कादंबऱ्यांत. चौदाव्या शतकातल्या लढवय्यांवरची ‘द व्हाइट कंपनी’ हे त्याच्या मते त्याचं खरं काम. होम्स त्याच्या आड येत होता.

1891 मध्ये त्याने आईला पत्रातून कळवलं की, होम्सला संपवायचा विचार आहे. आईने ठाम विरोध केला, इतकंच नव्हे तर एका नव्या होम्सकथेसाठी कल्पनाही पुरवली. आईमुळे होम्सला दोन वर्षं वाढवून मिळाली. डिसेंबर 1893 च्या ‘स्ट्रँड’ मासिकात मात्र होम्स स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाख धबधब्यात कोसळला.

वाचक खवळले. वीस हजारांहून जास्त वर्गणीदारांनी मासिक बंद केलं, असं सांगितलं जातं. डॉयलने आठ वर्षं दाद दिली नाही. 1901 मध्ये ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ सुरू झालं, तेही होम्सच्या मृत्यूपूर्वीची गोष्ट म्हणून. अखेर 1903 मध्ये होम्स जिवंत परतला. ‘द व्हाइट कंपनी’ आज फार थोडे वाचतात. या सामन्यात वाचक जिंकले.

पण डॉयलचं एक स्थलांतर मात्र जगाने डोक्यावर घेतलं. 1912 च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’मध्ये त्याने वाचकांना डायनोसॉरच्या पठारावर नेलं, आणि तिथे जायला कुणी कुरकुरलं नाही.

मेरी वेस्टमॅकॉट कोण?

अ‍ॅगाथा ख्रिस्तीने भांडणच टाळलं. तिला नातेसंबंधांवर, एकटेपणावर, मोडलेल्या लग्नांवर लिहायचं होतं. ख्रिस्तीच्या नावावर असं पुस्तक आलं असतं, तर वाचकांनी पहिल्या पानापासून विषाची बाटली शोधली असती. म्हणून तिने 1930 मध्ये मेरी वेस्टमॅकॉट हे नाव घेतलं. ‘जायंट्स ब्रेड’ ही या नावाची पहिली कादंबरी, एका संगीतकाराची. ख्रिस्तीला स्वतःला तरुणपणी संगीतात नाव काढायचं होतं.

या नावाने तिने एकूण सहा कादंबऱ्या लिहिल्या. सुमारे वीस वर्षं गुपित टिकलं, 1949 मध्ये ते फुटलं. सहांपैकी ‘अ‍ॅबसेंट इन द स्प्रिंग’ (1944) तिने अवघ्या तीन दिवसांत लिहून काढली. वाळवंटातल्या एका विश्रामगृहात अडकून पडलेली बाई आणि तिच्या मनात उलगडत गेलेलं तिचं सगळं आयुष्य, एवढीच गोष्ट. मनासारखं उतरलेलं आपलं पुस्तक हेच, असं ख्रिस्तीने आत्मचरित्रात नोंदवून ठेवलं आहे.

यात खून नाही, पण तपास आहे. बाई स्वतःचाच तपास करते. तिच्या गुप्तहेर प्वारोच्या चाहत्यांनी हे पुस्तक जरूर उघडावं.

खेळण्यांच्या काउंटरवरची प्रेमकथा

डिसेंबर 1948. न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्स दुकानात खेळण्यांच्या विभागात पॅट्रिशिया हायस्मिथ नोकरी करत होती. फरकोट घातलेली एक स्त्री आली, बाहुली पसंत करून, पत्ता देऊन निघून गेली. त्याच संध्याकाळी हायस्मिथने एका कादंबरीचा सगळा आराखडा लिहून काढला.

1950 मध्ये तिची ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ प्रसिद्ध झाली आणि लगेच 1951 मध्ये हिचकॉकने तिच्यावर सिनेमा काढला. प्रकाशकांना आता तसंच आणखी हवं होतं. हायस्मिथने पुढे केली दोन स्त्रियांच्या प्रेमाची गोष्ट. तिच्या प्रकाशकाने ती नाकारली. अखेर 1952 मध्ये दुसऱ्या प्रकाशकाने ‘द प्राइस ऑफ सॉल्ट’ छापली, क्लेअर मॉर्गन या टोपणनावाने.

पेपरबॅक आली आणि खप दहा लाखांच्या घरात गेला. पत्रांचा पाऊस पडला. त्या काळी अशा गोष्टींचा शेवट बहुधा आत्महत्येत किंवा ताटातुटीत व्हायचा. या दोघींना मात्र पुढे एकत्र राहण्याची आशा होती. वाचकांनी आभार मानले ते त्यासाठी. 1990 मध्ये, म्हणजे जवळपास चाळीस वर्षांनी, हायस्मिथने पुस्तकावर आपलं खरं नाव घातलं. तेव्हाच पुस्तकाचं नाव बदलून ‘कॅरोल’ झालं. 2015 मध्ये केट ब्लँचेटची मुख्य भूमिका असलेला सिनेमाही याच नावाने आला.

बाँड येईपर्यंत कादंबरी संपत आली

1962 मध्ये बाँडचा जनक इयान फ्लेमिंग याची ‘द स्पाय हू लव्हड मी’ आली आणि सगळा साचाच बदलला. कथा सांगते विव्हियन नावाची तरुणी. तिचं बालपण, तिच्या प्रेमभंगाच्या कहाण्या, मग एका निर्जन मोटेलात गुंडांच्या तावडीत सापडणं. जेम्स बाँड उगवतो तो शेवटच्या तिसऱ्या भागात.

टीकाकार तुटून पडले. चाहत्यांनीही नाकं मुरडली. फ्लेमिंगला ते इतकं लागलं की, आपल्या हयातीत या पुस्तकाची पेपरबॅक निघू नये, अशी त्याने प्रकाशकाला गळ घातली. सिनेमावाल्यांना त्याने फक्त नाव वापरू दिलं. म्हणून 1977 चा बाँडपट या नावाचा असला, तरी त्याची कथा सर्वस्वी वेगळी आहे.

आता दुसरी बाजू. 1961 मध्ये फ्लेमिंगला हृदयविकाराचा झटका आला. विश्रांतीच्या काळात त्याने लेकाला सांगितलेल्या गोष्टी कागदावर उतरवल्या. त्यातून झाली ‘चिटी-चिटी-बँग-बँग’, उडणाऱ्या जादुई मोटारीची गोष्ट. ती छापून आली ऑक्टोबर 1964 मध्ये. फ्लेमिंग ऑगस्टमध्येच गेला होता. 1968 च्या सिनेमाचा निर्माता होता बाँडपटांचाच अल्बर्ट ब्रॉकोली, आणि पटकथेत हात होता रोआल्ड डालचा. याच डालने ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ या बाँडपटाची पटकथा लिहिली होती.

हेर बाहेर, टीका आत

‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ (1963) लिहून जॉन ल कॅरे हेरकथांचा सम्राट झाला. 1971 मध्ये त्याने ‘द नाइव्ह अँड सेंटिमेंटल लव्हर’ ही प्रेम, मैत्री आणि मनाच्या ओढाताणीची कादंबरी दिली. हेर नाही, सीमा नाही, गुप्त कागद नाहीत. समीक्षकांनी तिची पार दैना केली.

ल कॅरे परत फिरला आणि 1974 मध्ये त्याने ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ लिहिली. हेरकथा तीच, पण आता तिच्यात मित्राने केलेला दगा आणि बायकोने सोडून जाण्याचं दुःख कथेच्या मध्यभागी आलं. आज ही हेरकथांमधल्या सर्वोत्तम कादंबऱ्यांत गणली जाते. प्रेम आणि विश्वासघात हा विषय त्याने सोडला नव्हता; त्या विषयाला त्याने हेरांच्या जगात जागा करून दिली.

एकच लेखक, दोन निकाल

‘द डे ऑफ द जॅकल’चा फ्रेडरिक फोर्सिथ म्हणजे तपशिलांचा बादशहा. बनावट पासपोर्ट कसा काढायचा, बंदूक कशी घडवून घ्यायची, सगळं काटेकोर. 1999 मध्ये त्याने ‘द फँटम ऑफ मॅनहॅटन’ लिहिली. ‘फँटम ऑफ द ऑपेरा’च्या कथेचा पुढचा भाग. त्याच्या चाहत्यांना ती पचली नाही. फँटमच्या चाहत्यांतही नाराजी होती.

पण 1975 चं ‘द शेफर्ड’ आठवा. बायकोने भुताची गोष्ट मागितली म्हणून फोर्सिथने ती ख्रिसमसची भेट म्हणून लिहिली. 1957 ची ख्रिसमसची आदली रात्र, जर्मनीहून इंग्लंडकडे निघालेलं व्हॅम्पायर जातीचं लढाऊ विमान, उपकरणं बंद, खाली धुकं, इंधन संपत आलेलं. आणि बाजूला अचानक युद्धकाळातलं एक जुनं विमान येऊन वाट दाखवू लागतं. कॅनडाच्या सरकारी रेडिओवर दरवर्षी ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी ही गोष्ट ऐकवली जाते. तिथल्या कित्येक घरांत तो सणाचाच भाग आहे.

दोन्ही पुस्तकं त्याच्या नेहमीच्या वाटेबाहेरची. मग निकाल वेगळे का? फोर्सिथ स्वतः हवाई दलात होता, व्हॅम्पायर विमान त्याने चालवलं होतं. ‘द शेफर्ड’मध्ये भूत नवं होतं, पण कॉकपिटमधला प्रत्येक काटा त्याच्या ओळखीचा होता.

हेरांकडून गवंड्यांकडे

केन फॉलेट ‘आय ऑफ द नीडल’ (1978) मुळे गाजला. दुसऱ्या महायुद्धातला जर्मन हेर, सुसाट वेग. अशा लेखकाने 1989 मध्ये बाराव्या शतकातल्या एका कॅथेड्रलच्या बांधकामावर सुमारे हजार पानांची कादंबरी द्यावी, ही कल्पना त्याच्या भोवतालच्यांना धोक्याची वाटली. दगड, कमानी, गवंडी, मठाधिपती हे सगळं कोण वाचणार?

‘द पिलर्स ऑफ द अर्थ’ त्याचं सर्वांत लोकप्रिय पुस्तक ठरलं. 2003 मध्ये बीबीसीने ब्रिटिश वाचकांची आवडती पुस्तकं निवडायला घेतली, तेव्हा ते 33 व्या क्रमांकावर आलं. किंग्सब्रिज या काल्पनिक गावाची मालिका पुढे पाच पुस्तकांपर्यंत वाढली. स्पेनमधल्या व्हितोरिया शहराने तर आपल्या कॅथेड्रलबाहेर फॉलेटचा पुतळा उभारला.

कारण पहिल्याच पानांत दिसतं. कादंबरी सुरू होते ती एका माणसाला फाशी देण्याच्या प्रसंगाने. त्याला का मारलं, हे कोडं शेकडो पानं तुमची पाठ सोडत नाही. फॉलेटने काळ बदलला, पण वाचकाची मान पकडून ठेवण्याची विद्या सोबत नेली.

लेकीसाठी लिहिलं, चाहते रुसले

स्टीफन किंगच्या मुलीला, नेओमीला, भयकथा आवडत नव्हत्या. तिच्यासाठी त्याने राजे, राजपुत्र आणि दुष्ट जादूगाराची ‘द आइज ऑफ द ड्रॅगन’ ही कादंबरी लिहिली. 1984 मध्ये तिची मोजक्या प्रतींची आवृत्ती निघाली, 1987 मध्ये ती सर्वांसाठी आली. भयकथांच्या चाहत्यांतल्या अनेकांना ती रुचली नाही.

हा रोष किंगच्या मनात घर करून राहिला आणि ‘मिझरी’ या कादंबरीच्या घडणीत कामी आला. 1987 मध्येच आलेल्या या कादंबरीत एक लेखक आपली लोकप्रिय नायिका संपवून वेगळं काही लिहू पाहतो आणि त्याच्या ‘सर्वांत मोठ्या चाहती’च्या कैदेत सापडतो. तिला फक्त जुनी मालिका पुढे हवी असते. वाचकांच्या दोन तटांचं भांडण इतक्या टोकाला नेऊन कुणीच दाखवलं नव्हतं. 1990 च्या सिनेमात ही चाहती साकारणाऱ्या कॅथी बेट्सला ऑस्कर मिळालं.

किंग आणखी एक किस्सा सांगतो. फ्लोरिडातल्या एका दुकानात एका वृद्ध बाईने त्याला ओळखलं आणि ऐकवलं की, तुझ्या भीतिदायक गोष्टी मला नकोत, मला ‘शॉशँक रिडेम्प्शन’सारखं उमेद देणारं आवडतं. ते मीच लिहिलंय, असं त्याने सांगितलं. बाईंनी मुळीच विश्वास ठेवला नाही. ‘शॉशँक’ची मूळ कथा किंगच्या ‘डिफरंट सीझन्स’ (1982) या पुस्तकात आहे. ‘स्टँड बाय मी’ हा सिनेमाही याच पुस्तकातल्या कथेवरचा.

उलट्या दिशेची वाहतूक

थरारकथेतून बाहेर पडणाऱ्यांइतकेच आत शिरणारेही आहेत, आणि त्यांनाही अडवणारे भेटलेच.

ए. ए. मिल्न विनोदी लेखक होता. त्याने रहस्यकथा लिहायचं ठरवलं तेव्हा जवळच्या जाणकारांनी समजावलं की, लोकांना तुझ्याकडून विनोद हवाय. त्याने ऐकलं नाही. 1922 मध्ये ‘द रेड हाउस मिस्टरी’ आली आणि चालली. मग त्याने बालकविता लिहायच्या ठरवल्या, तर तीच मंडळी म्हणाली, आता लोकांना तुझ्याकडून रहस्यकथा हवी. त्याने पुन्हा ऐकलं नाही. मुलांसाठी लिहिण्याच्या त्याच वाटेवर पुढे 1926 मध्ये ‘विनी-द-पू’ जन्माला आलं.

जे. के. रोलिंगने 2013 मध्ये रॉबर्ट गॅलब्रेथ हे नाव घेऊन ‘द कुकूज कॉलिंग’ ही गुप्तहेरकथा छापली. त्याआधीच्या ‘द कॅज्युअल व्हेकन्सी’ला प्रत्येक जण हॅरी पॉटरच्या मापाने मोजत होता, यावेळी तिला निखळ प्रतिक्रिया हवी होती. चांगली परीक्षणं आली, पण पहिल्या तीन महिन्यांत हार्डबॅकच्या सुमारे 1,500 प्रतीच गेल्या. जुलैमध्ये नाव फुटलं आणि पुस्तक थेट खपाच्या यादीत वर. मजकूर तोच, शब्दन् शब्द तोच. नावाची ताकद किती असते, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा मिळणार नाही.

आणि ‘लिटल विमेन’ची लुईसा मे अल्कॉट? त्या घरगुती, प्रेमळ कादंबरीआधी ती ए. एम. बर्नार्ड या नावाने सूड, कारस्थानं आणि फसवणुकीच्या सनसनाटी कथा लिहीत होती. दुर्मीळ पुस्तकांचा व्यवसाय करणाऱ्या दोन अभ्यासक मैत्रिणींमुळे हे टोपणनाव 1940 च्या दशकात उजेडात आलं, तेव्हा अल्कॉटला जाऊन पन्नासहून अधिक वर्षं झाली होती.

ब्योमकेशचा जनक पुणेकर

‘ब्योमकेश बक्शी’ म्हटलं की आपल्याला दूरदर्शनवरचा रजित कपूर आठवतो. या गुप्तहेराचे जनक, बंगाली लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय आयुष्याची अखेरची अनेक वर्षं पुण्यात राहिले, हे किती जणांना ठाऊक आहे?

1932 मध्ये त्यांनी ब्योमकेश आणला, काही कथा लिहिल्या आणि थांबले. 1938 मध्ये बॉम्बे टॉकीजसाठी लिहायला मुंबईत आले. 1952 मध्ये सिनेमा सोडून पुण्यात स्थायिक झाले. मधली सुमारे पंधरा वर्षं ब्योमकेश गप्प होता. कलकत्त्याच्या तरुण वाचकांना तो अजूनही हवा आहे, हे लक्षात आल्यावर 1951 च्या सुमारास त्यांनी त्याला पुन्हा कामाला लावलं.

पण शरदिंदूंनी दुसरा नाद सोडला नाही. ऐतिहासिक कथा-कादंबऱ्या ही त्यांची आवडती वाट. विजयनगरच्या पार्श्वभूमीवरच्या ‘तुंगभद्रार तीरे’ला 1967 मध्ये रवींद्र पुरस्कार मिळाला. आणि मराठी वाचकाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट : शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या मावळी पोराच्या साहसकथा त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. शिवाजी महाराजांचं स्वराज्य बंगालच्या कित्येक मुलांना पहिल्यांदा भेटलं ते एका रहस्यकथाकाराच्या लेखणीतून.

दारा बुलंद ते दुनियादारी

आपल्याकडचं ठसठशीत उदाहरण म्हणजे सुहास शिरवळकर ऊर्फ सुशि. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास ही त्यांच्या नायकांची फौज. छोट्या, वेगवान रहस्यकथा. वाचनालयात एक परत करून दोन उचलायच्या.

याच सुशिंनी ‘दुनियादारी’ लिहिली. पुण्यातलं कॉलेज, कट्टा, श्रेयस, दिग्या, शिरीन, मीनू. गुन्ह्याचा तपास नाही, मैत्री आणि प्रेमाचा हिशोब आहे. रहस्यकथा लिहिणाऱ्याला ‘साहित्यिक’ म्हणायचं की नाही, यावर नाक मुरडणारे होतेच, पण तरुण वाचकांनी एकमेकांच्या हातात देत या कादंबरीला पिढ्या ओलांडायला लावलं. 2013 मध्ये सिनेमा आला आणि ज्यांनी दारा बुलंदचं नावही ऐकलं नव्हतं, तेही सुशि वाचू लागले. 2020 मध्ये त्यांच्या ‘समांतर’वर वेबमालिका झाली आणि रहस्याचा जुना सुशि नव्या प्रेक्षकांना भेटला. आज चाहत्यांत ‘दुनियादारी’वाले आणि दारा बुलंदवाले असे दोन तट आहेत, आणि दोघांचंही बरोबर आहे.

रत्नाकर मतकरींची तर कमालच. त्यांच्या गूढकथा वाचून रात्री दिवा चालू ठेवणारे आईबाप सकाळी मुलांना घेऊन त्यांच्याच ‘अलबत्या गलबत्या’ला जात. 1962 पासून त्यांनी बालनाट्याची चळवळ चालवली. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, 2018 मध्ये वैभव मांगलेंनी. ‘आरण्यक’, ‘लोककथा 78’ ही गंभीर नाटकंही मतकरींचीच. त्यांनी कुठला एक खण स्वीकारलाच नाही, म्हणून वाचकही त्यांना एका खणात कोंडू शकले नाहीत.

झटपट पाच

• ‘द दा विंची कोड’वाल्या डॅन ब्राऊनने 2020 मध्ये ‘वाइल्ड सिम्फनी’ हे मुलांचं चित्रपुस्तक काढलं. त्यात ऑर्केस्ट्रा चालवणारा उंदीर आहे आणि सोबतचं संगीतही ब्राऊनचंच. लेखक होण्याआधी तो गीतकार-गायक होता.

• सिडनी शेल्डनने थरारकादंबऱ्या सुरू केल्या त्या पन्नाशीनंतर. त्याआधी त्याला एका विनोदी सिनेमाच्या पटकथेसाठी ऑस्कर मिळालं होतं आणि ‘आय ड्रीम ऑफ जीनी’ ही टीव्हीवरची विनोदी मालिकाही त्याचीच.

• डोरोथी सेयर्सने लॉर्ड पीटर विम्झी या आपल्या गुप्तहेराची शेवटची कादंबरी 1937 मध्ये लिहिली. पुढे ती दान्तेच्या इंग्रजी भाषांतरात बुडाली. तिसरा भाग अपुरा राहिला, तो तिच्या मैत्रिणीने पूर्ण केला.

• सेसिल डे-लुईस 1968 मध्ये ब्रिटनचा राजकवी झाला. निकोलस ब्लेक या नावाने त्याने रहस्यकथाही लिहिल्या. सुरुवात केली होती ती घराचं गळकं छप्पर दुरुस्त करायला पैसे हवेत म्हणून!

• जपानच्या केइगो हिगाशिनोच्या ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’वर आपल्याकडे ‘जाने जां’ (2023) हा सिनेमा झाला. त्याच लेखकाने 2012 मध्ये एका जुन्या दुकानातून काळाच्या आरपार जाणाऱ्या पत्रांची हळवी गोष्ट लिहिली. जपान आणि चीन दोन्हीकडे तिच्यावर सिनेमे निघाले.

मग बरोबर कोण?

रुसणाऱ्या वाचकाला कमी लेखू नका. त्याने लेखकाच्या नावावर पैसे आणि वेळ खर्च केलेला असतो, मुखपृष्ठावर तेच नाव मोठ्या अक्षरांत छापून प्रकाशकाने त्याला तसा शब्दही दिलेला असतो. त्याची निराशा खरी आहे. चूक प्रकाशकाची, ज्याने वेगळं पुस्तक जुन्याच वेष्टनात विकलं.

पण या सगळ्या हकिगती शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. लेखक नव्या मुलखात जाताना आपली कमाई सोबत नेतो, तेव्हा वाचक मागोमाग येतात. फॉलेटने कोडं नेलं, फोर्सिथने कॉकपिट नेलं, ग्रिशॅमने पोटातलं गुपित नेलं, ख्रिस्तीने तपास नेला, सुशिंनी पानं उलटायला लावणारा वेग नेला. खून हा थरारकथेचा फक्त एक प्रसंग आहे. तिचा प्राण आहे ‘पुढे काय?’ हा प्रश्न, आणि तो कापसाच्या शेतातही पेटतो, कॉलेजच्या कट्ट्यावरही.

म्हणून पुढच्या वेळी आवडत्या लेखकाने वाट बदलली, तर आधी मागचं कव्हर नीट वाचा आणि पुस्तकाला पन्नास पानं द्या. नाहीच आवडलं तर बिनधास्त परत करा, त्याची जुनी पुस्तकं कुठे पळून जात नाहीत. आवडलं, तर मात्र वाचनालयात तसं आवर्जून सांगा, म्हणजे त्या लेखकाचं पुढचं वेगळं पुस्तकही तिथल्या कपाटात येईल.